लाल तेलाचा खुला काळ

अमेरिकेतल्या घरगुती मोटारदुरुस्तीचा इतिहास सांगताना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. पूर्वी गाड्या साध्या होत्या, म्हणून माणसे त्या घरच्या घरी दुरुस्त करत. पुढे गाड्या गुंतागुंतीच्या झाल्या आणि माणसे गॅरेजकडे वळली. कार्ब्युरेटर किंवा स्पार्क प्लगच्या बाबतीत हे थोडेफार पटते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीत ते अजिबात टिकत नाही. हा भाग जन्मल्या दिवसापासून गाडीतला सर्वांत किचकट भाग होता. त्याच्या पोटातल्या झडपांचा चक्रव्यूह पाहून मुरलेले मेकॅनिकसुद्धा हात जोडत. तरीही 1950 पासून पुढची तीन-चार दशके सर्वसाधारण अमेरिकन घरातला माणूस सुटीच्या दिवशी गाडीखाली आडवा होऊन त्यातले लाल तेल बदलत असे. आजच्या आठ-दहा गिअरांच्या खोक्याच्या आतले काम कितीतरी बिकट झाले आहे, हे खरेच. पण तेल बदलण्याचे काम मात्र जवळपास तेच आहे: जुने काढायचे, गाळणी बदलायची, नवे भरायचे. काम तेच आणि ते करणारा हात मात्र मागे सरला, तर कारण यंत्राच्या गुंतागुंतीबाहेर शोधायला हवे. माझ्या मते ते दोन साध्या गोष्टींत सापडते. एक म्हणजे कुठल्याही पंपावर मिळणारे, त्रयस्थाने तपासलेले, सर्वांना चालणारे तेल. दुसरी म्हणजे त्या तेलाची पातळी दाखवणारी एक पोलादी पट्टी, म्हणजे डिपस्टिक. घरच्या दुरुस्तीचे घर या दोन गोष्टींवर उभे होते. त्या काढून घेतल्यावर हातातले कसब असून नसल्यासारखे झाले.

गुंतागुंतीला अमेरिकन मालक बिचकत नव्हता, याचा पुरावा ऑटोमॅटिकच्याही आधीचा आहे. 1908 साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ग्रहमालिका पद्धतीची चक्रे होती. मधले एक चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाके आणि त्यांना वेढणारे ढोल, अशी ती रचना. ढोलाभोवतीचा पट्टा पायाने दाबून आवळला की गिअर पडे. पुढे ऑटोमॅटिकने जी चक्रे आणि जे पट्टे वापरले, त्यांचे हे पूर्वजच. या गाडीत इंजिनाचे आणि गिअरचे तेल एकच असे. पट्ट्यांचे कापडी अस्तर झिजले की खेड्यातला शेतकरी वरचे झाकण उघडून ते स्वतः बदलायचा. वेळखाऊ, चिडचिड करायला लावणारे काम, पण लाखो लोकांनी ते केले. फोर्डने सुटे भाग गावोगाव पोचवले होते आणि झाकण माणसाचा हात जाईल अशा जागी ठेवले होते, म्हणून ते शक्य झाले. यंत्र अवघड असले तरी त्याकडे जाणारी वाट उघडी होती, आणि मालकाला तेवढे पुरेसे होते.

जनरल मोटर्सने 1939 साली, 1940 च्या मॉडेलसाठी, ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला तेव्हा ही वाट काही काळ बंद झाली. 57 डॉलर जादा मोजले की क्लचचे पेडल नसलेली गाडी मिळे. चार गिअर आपोआप पडत आणि इंजिन व चक्रे यांच्यामधला दुवा तेलाचा असे. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. साध्या गिअरबॉक्समध्ये तेल फक्त वंगणाचे काम करते. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल इंजिनाची ताकद पुढे नेते, दाबाखाली झडपा सरकवून गिअर बदलण्याचा निर्णय घडवते, तापलेल्या भागांची उष्णता वाहून नेते, आणि क्लचच्या चकत्यांमध्ये शिरून त्या किती घसरायच्या आणि कधी पकडायच्या हेही ठरवते. त्यामुळे ते यंत्राचाच एक सुटा भाग ठरते. अशा भागावर कंपनीने आपला हात ठेवला यात नवल नाही. सुरुवातीला हे खास तेल कंपनीच्या विक्रेत्यांकडेच मिळे. युद्धकाळात हायड्रामॅटिक स्टुअर्ट एम-5 या हलक्या रणगाड्यांत बसवला गेला आणि तिथे त्याची चांगलीच कसोटी लागली. युद्ध संपल्यावर मागणी उसळली. 1948 मध्ये ब्यूइकचा डायनाफ्लो आला, 1950 मध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड, आणि पुढच्याच वर्षी फोर्डचा फोर्डोमॅटिक.

गाड्या लाखांनी रस्त्यावर आणि तेल फक्त विक्रेत्याच्या फडताळात, हे फार दिवस चालण्यासारखे नव्हते. आडगावात तेल कमी पडले तर ग्राहकाने करायचे काय? 1949 मध्ये जनरल मोटर्सने टाइप ए हे मानक काढले आणि त्याबरोबर एक शहाणपणाचा निर्णय घेतला. तेल कोणीही बनवावे. शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशन या संशोधनसंस्थेकडून तपासून घ्यावे. उतरले तर डब्यावर ‘एक्यू-एटीएफ’ या अक्षरांपुढे आपला क्रमांक छापावा. परीक्षक गाडी बनवणारा नाही आणि तेल विकणाराही नाही. मालकाला रसायनशास्त्र कळण्याची गरज उरली नाही, डब्यावरचा क्रमांक वाचता आला की झाले. फोर्ड आणि क्रायस्लर या प्रतिस्पर्ध्यांनीही आपल्या पुस्तिकांत हेच तेल सांगितले. दोन्ही पक्षांना सोयीचे, म्हणून ते रुजले. कंपन्यांच्या औदार्याच्या कथा मी सहसा मनावर घेत नाही, आणि हीसुद्धा औदार्याची नव्हतीच. ऑटोमॅटिक गाडी विकायची तर तेलाची चिंता ग्राहकाच्या डोक्यातून काढणे भाग होते. पण हेतू कोणताही असो, परिणाम सार्वजनिक झाला.

तो किती सार्वजनिक झाला हे 12 ऑगस्ट 1953 च्या दुर्घटनेनंतर दिसले. मिशिगनमधल्या लिव्होनिया इथला हायड्रामॅटिकचा प्रचंड कारखाना त्या दिवशी आगीत भस्मसात झाला. जनरल मोटर्सच्या गाड्याच नव्हे, तर लिंकन, हडसन, नॅश, कैझर यांसारख्या परक्या गाड्याही याच कारखान्याच्या गिअरबॉक्सवर चालत होत्या. गाड्यांचे उत्पादन अडू नये म्हणून कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलमध्ये ब्यूइकचा डायनाफ्लो बसवला गेला, पाँटिअॅकमध्ये पॉवरग्लाइड. विलो रन इथला कारखाना घेऊन हायड्रामॅटिक पुन्हा सुरू व्हायला काही आठवडे गेले. गिअरबॉक्सची ही घाईघाईची अदलाबदल ग्राहकांना कितपत रुचली हा निराळा विषय. इथे महत्त्वाचे ते इतकेच की वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या या खोक्यांची अदलाबदल झाली तरी कॅडिलॅकच्या मालकाला तेलासाठी नवे दार शोधावे लागले नाही. पंपावर तोच टाइप ए चा डबा होता.

आता प्रत्यक्ष कामाकडे पाहू, कारण ते ‘सोपे’ होते की ‘शक्य’ होते हा भेद तिथेच उलगडतो. पहिल्या काही मॉडेलांत डिपस्टिक पुढच्या आसनापाशी पायपुसणीखाली दडलेली असे. पुढे ती इंजिनाशेजारी, बॉनेट उघडताच हाताला लागेल अशी आली. इंजिन चालू, तेल गरम, गाडी सपाट जागी. मग पट्टी ओढून कापडाने पुसायची, परत घालून पुन्हा काढायची. रंग तांबडा असेल तर ठीक. तपकिरी असेल आणि जळका वास येत असेल तर आतल्या चकत्या भाजल्या आहेत. हा तांबडा रंग मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे गाडीखालचा डाग इंजिनाच्या तेलाचा की गिअरच्या, हे चटकन कळावे. तेल बदलायचे तर गाडी जॅकने उचलून आधाराच्या घोड्यांवर ठेवायची आणि गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरचे बोल्ट एका बाजूने सैल करत आणायचे. मोठ्या परातीत, बरेचसे कोपरापासून काखेपर्यंत, तेल ओघळू द्यायचे. अनेक अमेरिकन गाड्यांच्या चेंबरला तळाशी निचरा-बोल्टच नसे. पूर्ण चेंबर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, हा अभियंत्यांचा हलगर्जीपणा म्हणावा की खर्चकपात, कोण जाणे. चेंबरच्या तळाशी राखाडी लगदा सापडे. तो थोडा असेल तर नेहमीची झीज. पितळी किंवा पोलादी कण चमकत असतील तर मोठ्या खर्चाची तयारी ठेवायची. गाळणी बदलून, नवे पॅकिंग लावून चेंबर परत चढवायचे. बोल्ट जोरात आवळला तर अॅल्युमिनियमच्या खोक्यातले आटे जात, म्हणून हाताला लगाम हवा. मग लांब नळीच्या नरसाळ्याने डिपस्टिकच्याच नळीतून नवे तेल ओतायचे. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटमध्ये तर पुढचा पट्टा बाहेरच्या स्क्रूने घरीच जुळवता येई. तो ठरलेल्या ताणाने आवळायचा आणि मग पुस्तकात सांगितले तितके फेरे मागे घ्यायचा.

यातही एक मेख होती आणि ती जाणकारांना माहीत होती. चेंबर उतरवले तरी सगळे तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि चक्रे तेलाने जोडणाऱ्या भागात, आणि थंडाव्याच्या नळ्यांत बरेच अडकून राहते. खोक्यात एकूण 10 लिटर तेल असेल आणि 4 लिटर निघाले, तर पहिल्या बदलानंतर 60 टक्के तेल जुनेच असते. दुसऱ्यांदा केले तर 36 टक्के, तिसऱ्यांदा 22 टक्क्यांच्या आसपास. पूर्वी कित्येक कन्व्हर्टरांना स्वतंत्र निचरा-बोल्ट असे आणि तो काढला की जवळजवळ सगळे तेल येई. उत्पादनखर्च वाचवण्यासाठी तो हळूहळू नाहीसा झाला. मालकांनी त्यावरही उपाय काढला: थंडाव्याची नळी सोडवून, इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्सच्या पंपानेच जुने तेल बादलीत काढायचे आणि त्याच वेगाने वरून नवे ओतायचे. हे सगळे चिलटनच्या दुरुस्तीवरच्या जाडजूड पुस्तकांत आणि पॉप्युलर मेकॅनिक्ससारख्या मासिकांत चित्रांसह येत असे. यंत्र साधे होते म्हणून हे जमले, असे कोण म्हणेल?

या खुल्या काळाचे चित्र मी जरा जास्तच गुलाबी रंगवतो आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. फूट फार लवकर पडली. 1959 मध्येच फोर्डने स्वतःचे मानक काढले आणि 1967 मध्ये त्याचे टाइप एफ झाले. फोर्डला गिअर झटक्यात पकडणारे तेल हवे होते, जनरल मोटर्सला हळुवार पकडणारे. घर्षणाचा हा स्वभाव ठरवणारी द्रव्येच दोन्ही तेलांत वेगळी होती. त्याच सुमारास जनरल मोटर्सने टाइप ए च्या जागी डेक्सरॉन आणले. तरी बाजारात फार तर दोन-तीन प्रकारचे डबे होते. डेक्सरॉन हे नाव कंपनीच्या मालकीचे असले तरी परवाना घेऊन कोणताही तेलशुद्धीकरण कारखाना ते बनवू शके. डब्यावर परवान्याचा क्रमांक छापलेला असे. फूट होती, कुंपण नव्हते. मधल्या काळात तेलालाच एक धक्का बसला, तो भलत्याच दिशेने. गिअर हळुवार पडावा म्हणून या तेलांत स्पर्म देवमाशाच्या तेलापासून केलेले द्रव्य घालत. 1970 मध्ये हा देवमासा अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आला, त्याच्या तेलाची आयात थांबली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधत धावावे लागले. डेक्सरॉन-2 हे त्या धावपळीचे अपत्य. त्याच्या पहिल्या रूपाने रेडिएटरमधल्या तेल थंड करणाऱ्या भागाची डाखणी खायला सुरुवात केली, म्हणून ते सुधारावे लागले. इतकी उलथापालथ झाली, तरी मालकाच्या बाजूने काहीच बदलले नाही. डब्यावरचे अक्षर बदलले, काम तेच राहिले. मानक सार्वजनिक असले की रसायन बदलूनही सामान्य माणसाचा मार्ग कसा शाबूत राहतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

घरच्या कामावर पहिला खरा दबाव आला तो हमीपत्रातून. क्रायस्लरने 1963 च्या मॉडेलांवर इंजिन-गिअरसाठी 5 वर्षे किंवा 50,000 मैलांची हमी दिली. त्या काळी ही चकित करणारी गोष्ट होती. पण हमी टिकवायची तर देखभाल झाल्याचा कागद विक्रेत्याला दाखवून शिक्का घ्यावा लागे. घरी केलेल्या कामाला पावती कुठून आणायची? हमीच्या अशा अटींवर देशभर तक्रारी झाल्या आणि 1975 मध्ये मॅग्नसन-मॉस कायदा आला. आमच्याच नावाचा भाग वापरा नाहीतर हमी रद्द, असे म्हणायचे तर तो भाग फुकट द्या, हा त्याचा गाभा. त्याच सुमारास पेट्रोलटंचाईने पंपांचे रूप पालटले. दुरुस्तीची सोय असलेले पंप बंद पडून स्वतःच पेट्रोल भरण्याचे पंप आणि किराणा दुकाने आली. गाडी पाहणारा ओळखीचा मेकॅनिक गेला. त्याची जागा एका बाजूला सुट्या भागांच्या साखळी दुकानांनी घेतली आणि दुसऱ्या बाजूला झटपट तेल बदलून देणाऱ्या केंद्रांनी. गाडीखाली जाणाऱ्यांची गर्दी याच काळात वाढली, आणि योगायोग असा की त्यांच्या पायाखालची जमीन सरकायलाही याच काळात सुरुवात झाली.

1975 च्याच एका कायद्याने गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर बंधन आले. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सतत थोडे तेल घुसळले जाते आणि तिथे इंधन वाया जाते. म्हणून 1978 पासून क्रायस्लरने, पाठोपाठ इतरांनी, वेग स्थिरावला की कन्व्हर्टर यांत्रिक पकडीने जोडणारा क्लच बसवला. पुढे तो क्लच थोडासा घसरता ठेवण्याची पद्धत आली. असा घसरता क्लच चुकीच्या तेलात थरथरतो आणि चालकाला गाडी खडबडीत पट्ट्यावरून जात असल्यासारखे वाटते. मग प्रत्येक कंपनीचे तेल वेगळे झाले: क्रायस्लरचे एटीएफ प्लस 4, फोर्डचे मर्कॉन 5, होंडाचे झेड-1, टोयोटाचे डब्ल्यूएस. कित्येक बाटल्या फक्त विक्रेत्याच्या फडताळात. 1939 मध्ये सुरू झालेले चक्र फिरून त्याच जागी आले. 1990 च्या दशकात डिपस्टिकही गायब होऊ लागली. जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांत ती 1995 च्या सुमारास नाहीशी झाली. मर्सिडीजने नळी ठेवली, पण तिला कुलूपबंद टोपी लावली आणि पट्टी फक्त वर्कशॉपकडे दिली. नव्या पुस्तिकांत वाक्य आले: या गिअरबॉक्सचे तेल आजीवन आहे.

आजीवन तेलाची बाजू पोकळ नाही. कृत्रिम तेले जुन्या खनिज तेलांपेक्षा उष्णतेत कितीतरी जास्त टिकतात, आणि बंद खोक्यात धूळ-पाणीही शिरत नाही. प्रश्न इतकाच की आयुष्य कोणाचे? 1980 च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या पुस्तिका अजून प्रामाणिक होत्या. साध्या वापरात तेल 1,00,000 मैलांनी बदला, कठीण वापरात 15,000 मैलांनी, असे त्या सांगत. आणि कठीण वापर म्हणजे काय? 32 अंश सेल्सिअसच्या उन्हात शहरातली गर्दीची वाहतूक, डोंगराळ रस्ते, मागे ओढलेला ट्रेलर, टॅक्सी. तेच तेल, आणि आयुष्यात जवळपास सातपटीचा फरक! धंद्यातला ठोकताळा असा की तेल 80 अंशांच्या आसपास राहिले तर लाखभर मैल टिकते आणि पुढे दर 11 अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः सांगते की वापरानुसार 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलावे. ज्या गाडीत तोच खोका बसतो, तिच्या पुस्तिकेत मात्र आजीवन लिहिलेले असते. हा फरक समजून घ्यायला कट-कारस्थानाची गरज नाही. गाडी विकणाऱ्याला पहिल्या मालकाचा देखभालखर्च कमी दाखवायचा असतो, आणि हमी संपेपर्यंत तेल टिकले की त्याच्या हिशेबी ते आजीवनच. पण अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या गाड्यांचे सरासरी वय आता बारा वर्षांच्या वर गेले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला हा हिशेब कोणी विचारलेला नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप अभियंत्यांचा आहे. चकत्यांचे घर्षण आणि तेल एकत्र घडवले जातात, तेव्हा सर्वांना चालणारे एक तेल ही कल्पनाच आता भाबडी आहे, असे ते म्हणतात. अर्धे खरे. एक तेल आता शक्य नाही, हे मान्य. पण विशिष्ट असणे आणि बंद असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. डेक्सरॉन पुरेसे विशिष्ट होते आणि तरीही परवान्यावर खुले होते. आजही डेक्सरॉन-6 तसेच मिळते. उलट उदाहरण पाहा. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी 2013 मध्ये करार करून दहा गिअरांचा खोका मिळून घडवला. मांडणी सामाईक, तरी एकाची पुस्तिका मर्कॉन यूएलव्ही सांगते, दुसऱ्याची डेक्सरॉन यूएलव्ही. दोन कंपन्या खोका वाटून घेऊ शकतात, तर बाटलीवर एक सामाईक क्रमांक छापणे त्यांना रसायनशास्त्राने अडवले असेल, असे मला वाटत नाही. 1949 मध्ये जे जमले होते त्यात विज्ञानाइतकाच बाजाराच्या गरजेचा भाग होता, आणि आज ती गरज उरलेली नाही.

लोकांमध्ये पसरलेला एक समज या बंद होण्याला नकळत हातभार लावत आला आहे: जुन्या गाडीचे तेल बदलले की गिअरबॉक्स मरतो. हा समज उगाच जन्मला नाही. बदल केल्यावर आठवड्यात गिअर घसरायला लागल्याच्या कहाण्या खऱ्या असतात. पण अशा गाड्यांत तेल कधी बदलले जाते ते पाहायला हवे. दीड लाख मैल दुर्लक्ष, मग घसरण जाणवते, मग घाबरून बदल. चकत्यांचे अस्तर आधीच गेलेले असते आणि त्यातून सुटलेली भुकटी जुन्या तेलात तरंगत थोडीफार पकड देत असते. नवे तेल ती भुकटी धुऊन नेते आणि मेलेले उघडे पडते. दाबाने तेल ढकलून धुण्याच्या यंत्रांनी या बदनामीत भर घातली, कारण कुठेतरी साचलेला गाळ हलून झडपांत अडकण्याची भीती त्यात असते. वेळच्या वेळी, थोडेथोडे बदलणाऱ्या घरगुती पद्धतीला ही भीती फारशी लागू नव्हती. वेळेवर बदलण्याची सवय मोडली की उशिराचा बदल धोक्याचा ठरतो, आणि तो धोका पुढे करून मुळात बदलूच नये असे सांगितले जाते. या तर्कातली गोलाई लोकांच्या ध्यानात येत नाही.

घरच्या माणसाच्या चुकांविषयी मात्र गोड बोलण्यात अर्थ नाही. तेल जास्त भरले तर फिरत्या चाकांत घुसळून त्याला फेस येतो, कमी भरले तर पंप हवा ओढतो. दोन्हींत गिअर घसरतात आणि चकत्या जळतात. क्रायस्लरची पातळी न्यूट्रलमध्ये पाहायची, होंडाची इंजिन बंद करून, बाकी बहुतेकांची पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून. ही तऱ्हा माहीत नसलेल्यांनी चांगले खोके बिघडवले. घोडे न लावता नुसत्या जॅकवर विसंबलेल्यांनी जीवही गमावले. आणि काळे तेल गटारात किंवा परसात ओतणाऱ्यांनी भूजल नासवले. एका बदलातून निघालेल्या वापरलेल्या तेलाने दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब होऊ शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगत आली आहे. पण या प्रत्येक दोषावर खुल्या व्यवस्थेनेच उपाय शोधले होते. 1992 मध्ये वापरलेल्या तेलाचे राष्ट्रीय नियम आले आणि सुट्या भागांची दुकाने जुने तेल फुकट परत घेऊ लागली. चुकीच्या पातळीवरचा उपाय तर डिपस्टिक हाच होता. पट्टी काढल्याने चुका थांबत नाहीत, त्या दिसायच्या थांबतात. हळूहळू गळणाऱ्या गाडीचे तेल अर्धे झाले तरी मालकाला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा गिअरबॉक्सच बदलावा लागतो.

पट्टी गेली तरी माणसे थांबली नाहीत, हे त्यांच्या चिकाटीला शोभणारेच. बंद खोक्यात आता तेलाचे तापमान साधारण 35 ते 45 अंशांच्या दरम्यान असताना, इंजिन चालू ठेवून, तळाचा बोल्ट उघडायचा. तेल धार न धरता थेंब-थेंब पडू लागले की पातळी बरोबर. तापमान कळायला स्कॅनर लागतो. काही टोयोटा गाड्यांत निदानाच्या जोडणीतल्या दोन पिना तारेने जोडल्या तर डॅशबोर्डवरचा दिवाच योग्य तापमान सांगतो, आणि ही युक्ती मालकांनी एकमेकांना शिकवली. फोर्डच्या काही खोक्यांत छोटी डिपस्टिक अजूनही आहे, पण ती खोक्याच्याच अंगावर, तापलेल्या धुराड्याला खेटून. मॅसॅच्युसेट्समध्ये 2012 साली दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्याला मतदारांनी 86 टक्क्यांच्या आसपास कौल दिला, आणि त्यातून संगणकातली माहिती स्वतंत्र गॅरेजना देणे कंपन्यांना भाग पडले. चांगलेच झाले. मात्र माहिती मिळाली तरी तेलाची बाटली आणि तेल पाहायची पट्टी परत आलेली नाही. त्यासाठी अजून कोणी मत मागितलेले नाही.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मुले पहिली गाडी म्हणून बहुधा दहा-बारा वर्षांची जुनी टोयोटा किंवा होंडा घेतात. या इतिहासातले दुसरे-तिसरे मालक म्हणजे तेच. गाडी घेण्याआधी तेल कधी बदलले याची पावती मागावी, आणि पुस्तिकेत आजीवन लिहिले आहे या उत्तरावर समाधान मानू नये. इकडे महाराष्ट्रात आता ऑटोमॅटिक गाड्या वाढत आहेत, तेव्हा अमेरिकेतल्या पद्धती डोळे मिटून उचलणेही बरे नाही. आपल्याकडे 2014 च्या सेलेरिओ गाडीपासून पसरलेली एएमटी म्हणजे मूळ साधा गिअरबॉक्सच; त्यात हे लाल तेल नसते, साधे गिअर ऑइल असते. सीव्हीटी या पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्सला त्याचे स्वतःचे तेल लागते आणि त्यात दुसरे ओतले तर पट्टा घसरतो. कोणता प्रकार आहे हे आधी नक्की करावे. मग पुस्तिकेतले कठीण वापराचे कोष्टक उघडावे आणि 32 अंश, गर्दी, धूळ, घाट हे निकष आपल्या रोजच्या रस्त्याशी ताडून पाहावेत. पुणे, नागपूर किंवा ठाण्यात चालणारी गाडी साध्या वापराच्या रकान्यात बसत नाही.